मातामायचा वाटा

लाखोरी खाल्ली नाही असा एकही दिवस मला माझ्या लहानपणातला आठवत नाही. सकाळी लाखोरीचं वरण आणि भात, संध्याकाळी लाखोरीचं वरण आणि उरलाच तर भात. पावसाळ्यात तांदूळ संपले की लाखोरीच्या पिठाची भाकर, सणाला लाखोरीचे वडे, आणि हिवाळ्यात तिचे कोवळे शेंडे खुडून केलेली भाजी. त्या भाजीची चव अजून जिभेवर आहे, खोटं कशाला बोलू! सावली गावाच्या आसपासचा आमचा सगळा मुलूख धानाचा. धान कापणीला यायच्या आधीच ओल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, लाखोरीचे दाणे फेकायचे. ना नांगर, ना पाणी, ना राखण. धान खळ्यावर गेलं की मागे निळ्या फुलांनी बांध्या भरून जायच्या. धान विकायचं, मासळी विकायची आणि लाखोरी खायची, अशी आमची रीत. मजुरीवर गेलं तरी पदरात लाखोरीच पडायची. आता माझी सून डाळीच्या पाकिटावर काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचत बसते. आम्ही आपली पोट भरलं की झालं म्हणणारी माणसं.

आम्ही ढिवर. गावाच्या वरच्या अंगाला मोठा तलाव आणि त्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, आमची घरं. घरात कायम ओल्या जाळ्यांचा वास. पहाटे बाबा जाळं झटकायचे तो फटकारा, तलावावरून टिटवीची टिवटिव आणि चुलीपाशी मायची कुरकुर, या तीन आवाजांत माझी सकाळ व्हायची. बाबा म्हणजे गोमाजी, ढिवरांचा मुखिया. बोलायला कमी, पण बोलले की झालं. माय म्हणजे कौसाबाई. ती बाबांच्या वाट्याचंही बोलून टाकायची. मी यमुना, सगळ्यांत धाकटी, आणि माझ्यावर नामदेवदादा. दादाला नुकत्याच मिशा फुटत होत्या. त्यानं डोंग्यात उभं राहून जाळं फेकलं की ते हवेत थाळीसारखं गोल उघडायचं आणि पाण्यावर पडताना आवाजसुद्धा करायचं नाही. पाळीवर धुणं धुणाऱ्या पोरी हात थांबवून बघायच्या, आणि मी त्यांच्याकडे बघून नाक उडवायची, जसं काही जाळं मीच फेकलं!

त्या हिवाळ्यात दादाच्या पोटऱ्या आखडल्या. आधी आम्ही म्हटलं, गार पाण्यात फार वेळ उभा राहतो, दुसरं काय. मग त्याच्या टाचा उचलल्या गेल्या. तो चवड्यांवर चालायला लागला, गुडघ्याला गुडघा घासत, आणि डोंग्यात उभं राहिलं की त्याला आपलं अंग सावरेना. बाबांनी बांबूची काठी करून दिली. माय भगताकडे जाऊन आली, अंगारा आणला, मोहाचं तेल चोळून चोळून तिचे तळवे सोलले. पण पुढे काय होतं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या शेजारचा सोमाकाका आधी एका काठीवर होता, मग दोन काठ्यांवर आला आणि मग अंगणातून हातांवर घसटत जायला लागला. दर दोन-चार घरांआड असा एक सोमाकाका होता. तो आमच्या दारावरून सरकत गेला की माय कामाचं निमित्त करून आत जायची. दादा मात्र बघत राहायचा. एकदा मला हळूच म्हणाला, "यमे, दुसरी काठी लागली का मी संपलो."

अशात विद्यापीठाची बाई आली. जीपगाडीतून काचेच्या बाटल्या, एक स्टोव्ह आणि ट्रंका उतरल्या आणि त्यांच्या मागून सुधाबाई उतरली, पाचवारी पातळ, पायात चामड्याच्या चपला आणि डोळ्यांना चष्मा! बाईमाणसानं चष्मा लावलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. अर्धं गाव तेवढ्यासाठी जमलं. शाळेच्या मागची खोली तिला मिळाली. त्याआधी नागपूरकडचे दोन-तीन पुरुष येऊन चौकशी करून गेले होते. ते पाटलाच्या ओट्यावर बसायचे, पुरुषांनाच विचारायचे आणि चहा पिऊन जायचे. ही घरोघर हिंडली. दुखणाऱ्या पायांना हात लावला. दादाचे पाय ओले करून तिनं त्याला शाळेच्या कोरड्या फरशीवर चालवलं आणि मला जवळ बोलावून ते ठसे दाखवले. नुसते चवड्यांचे आणि बोटांचे ठसे, टाच कुठेच नाही. मी त्याच्यासोबत रोज राहत होते, पण माझा भाऊ जमिनीला किती कमी टेकतो, ते मला त्या फरशीवर दिसलं.

मग एक दिवस सगळ्या बायकांना बोलावून ती म्हणाली, "हे बाहेरचं काही नाही, वारं नाही, शाप नाही. हे लाखोरीतनं येतं."

"मंग नोको खाऊ काय लाखोरी?" मायनं विचारलं.

"खाल्ली नाही तर उत्तमच."

"मंग खाऊ काय, बाई?"

शिकलेली माणसं अशा प्रश्नावर रागावतात किंवा उपदेश करतात. सुधाबाईनं प्रश्न बरोबर आहे अशी मान हलवली. मग म्हणाली, माझं काम तेच आहे. लाखोरी खायची, पण तिच्यातलं वाईट काढून. मला वाटतं, ते पाण्यात उतरतं. भरपूर पाण्यात डाळ उकळा, पाणी गाळून फेकून द्या, मग नव्या पाण्यात शिजवा. बघू काय होतं. बायकांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय जातं!

होळी झाली, ऊन तापलं. गावात नवा कुणी लंगडा झाला नाही, पण दादाचे पाय मात्र वाईटच होत चालले. घरात नियमानं डाळ उकळत होती, पाणी गाळलं जात होतं, आणि तरी तो ओट्यावरून उतरताना भिंत धरायला लागला. सुधाबाई त्याला दर काही दिवसांनी चालवायची आणि ठसे बघून तिचा चेहरा पडायचा. आता कळतं, तिचाही सगळा डाव त्याच पायांवर होता. ज्या घरानं तिचं सगळं ऐकलं, त्याच घरात तिचं म्हणणं खोटं पडत होतं.

एका दुपारी ती आमच्याकडे आली आणि बाबांना म्हणाली, "गोमाजीभाऊ, मी आता परत जाणार."

"काऊन? आमचं काई चुकलं काय?"

"नाही हो. विद्यापीठाला एका घरानं देणगी दिली होती, अशा दुखण्यांवर शोध लागावा म्हणून. त्यांचा मुलगा गेला, त्याच्या नावानं. माझं इथलं सगळं त्यावर चालतं. ती संपली, आणि दाखवायला माझ्याजवळ काही नाही."

बाबा जाळं विणत होते. हात थांबले. "त्यायचं पोरगं लाखोरी खाऊन गेलं काय?"

"नाही, तापानं गेलं. त्या लोकांनी लाखोरी पाहिलीसुद्धा नसेल."

ती गेली आणि बाबा तसेच बसून राहिले. आमच्याकडे देणं म्हणजे काय? भावकीला देणं, देवाला देणं, दारी आलेल्याला मूठभर देणं. पण कुठल्या नागपुरातलं एक घर, ना ओळख ना पाळख, आपलं पोर गेल्यावर दुसऱ्याच्या पोराचे पाय शाबूत राहावेत म्हणून देतं, आणि ते पोर कोण, कुठलं, हे त्यांना मरेपर्यंत कळणारसुद्धा नाही! बाबा मायला म्हणाले, "मानसानं न पाहता देल्लं वो. आपल्या तं घरातच हाये." त्यांचा आवाज देवळात बोलतात तसा झाला होता. माझा नातू मला विचारतो, आजी, तू पेन्शनमधून दर वर्षी विद्यापीठाला कशाला पाठवतेस, तुझा काय संबंध? काय सांगू त्याला? मी त्या जाळ्यापाशी बसले होते, एवढाच संबंध.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की सगळे ढिवर मिळून मासेमारी करायचे. दिवसभर ओढलेली मासळी पाळीवर टाकायची आणि तिचे वाटे पाडायचे. घरटी एक वाटा, विधवेच्या घरीही पूर्ण वाटा, आणि एक वाटा मातामायचा. त्या वाट्यावर देवीची पूजा व्हायची. त्या वर्षी वाटे पडले, मरळ अजून फडफडत होते, आणि बाबा उभे राहून म्हणाले, "औंदा मातामायचा वाटा विद्यापीठाले द्यावं म्हनतो. बाईचं काम थांबू नाई."

एकदम कालवा उठला. लहानूबुढा म्हणाला, "मातामाय कोपली तं?"

"आता कोपाले राह्यलं काय? पोरायचे पाय तं गेलेच," बाबा म्हणाले.

मग मागून कुणीतरी विचारलं, "पन विद्यापीठ म्हंजे कोन? त्याले मच्छी चालते काय?" आणि सगळे खो खो हसले. तेवढ्यानं मळभ सरलं म्हणा. सुधाबाईला बोलावणं गेलं. ती चिखलातून आली, ऐकलं, आणि चष्मा काढून पदरानं पुसत बसली. म्हणाली, मला स्वतःला घेता येणार नाही. बाजारात विकून येईल ते विद्यापीठाला पाठवू, ढिवरांची देणगी म्हणून. त्या नागपूरच्या घराच्या बरोबरीनं. बाबांची मान ताठ झालेली मी पाहिली. आमच्या जन्मात आम्ही कुणाच्या बरोबरीनं बसलो नव्हतो.

पण लहानूबुढा ऐकेना. मातामायचा वाटा जो उचलतो, त्यानं वाटेकऱ्यांच्या घरी पाळीपाळीनं जेवायचं, ही रीत. देवीचा पुजारी तसा जेवायचा. "विद्यापीठानं वाटा उचलला, तं जेवाले कोन बसन?" आणि त्याचं म्हणणं बिनतोड होतं. तोवर सुधाबाई आपल्या खोलीत स्टोव्हवर शिजवून खायची. ढिवराच्या घरी बामणाची बाई जेवते कशी, याची आम्हालाच जास्त काळजी. ती म्हणाली, "विद्यापीठाच्या वतीनं मी बसते. फक्त मासे नकोत. तुमच्या घरी रोज जे शिजतं, तेच वाढा."

पहिली पाळी मुखियाच्या घरची. मायनं घर सारवलं, मला न्हाऊ घातलं, पळसाची पानं टाचली. दिवेलागणीला सुधाबाई चुलीसमोर पाटावर बसली. माय डाळ गाळायला लागली तशी तिच्या तोंडावर समाधान पसरलं. बघा, माझं ऐकतात. भरपूर पाणी, पातेल्यासारखा मोठा गंज, पिवळंधमक पाणी खाली निथळलेलं. माय नव्या पाण्यात डाळ शिजायला ठेवून वळली. मग तिनं त्या गाळलेल्या पाण्यात मीठ घातलं, लसणाची नि मिरचीची फोडणी दिली, भला मोठा कटोरा भरला आणि दादाच्या हातात दिला.

"हे काय?" सुधाबाईनं विचारलं.

"डाळीचं पानी, बाई. तुमी फेकाले सांगतलं, पन फेकू कशी? डाळीची सारी ताकद तं पान्यातच उतरते. आमी बाळंतिनीले देतो, बुढ्या मानसाले देतो. आमी चांगल्या पायाचे, आमाले कायले पायजे? हा अशक्त हाये, म्हनून सारं यालेच देते. रोज."

काय कौतुकानं सांगत होती माझी माय! तिला वाटलं, बाई शाबासकी देईल. सुधाबाईचा हात पानावर तसाच थांबला. तिनं एवढंच म्हटलं, "नामदेव, ठेव तो कटोरा." पण दादाचा कटोरा तोवर रिकामा झाला होता. मग तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, आणखी कोणकोणत्या घरी असं देतात. मायनं सांगितलं, जिथं जिथं कुणी लंगडं, तिथं तिथं. सुधाबाईनं उरलेलं पाणी बाटलीत मागून घेतलं आणि म्हणाली, मी सांगेपर्यंत हे कुणालाच देऊ नका. त्या संध्याकाळी त्या पाण्याबद्दल ती मायला आणखी काही बोलली नाही. पानावरचं सगळं जेवली, पाणी प्याली, मायच्या हाताला चव आहे म्हणाली आणि गेली. पुढे कितीतरी वर्षांनी तिनं मला सांगितलं, "यमुना, मला अंदाज आला होता. पण अंदाजावर एका आईला असं सांगायचं नसतं. आधी खात्री करायची."

खात्री शाळेमागच्या खोलीत चालली होती. मातामायच्या वाट्याचे पैसे विद्यापीठानं तिच्याच कामाला दिले, आणि त्यातून कोंबडीची पिल्लं आणि बांबूची दोन डालगी घेतली. एकातल्या पिल्लांना गाळून शिजवलेली डाळ, दुसऱ्यातल्यांना आमचं ते गाळलेलं पाणी कण्यांत कालवून. सुधाबाई स्वतः चारायची, स्वतः साफ करायची, कुणाला आत येऊ द्यायची नाही. मग एका सकाळी तिनं आमच्या आळीतल्या बायकांना बोलावलं. आम्ही दाटीवाटीनं उभ्या राहिलो. तिनं जमिनीवर तांदळाचे दाणे टाकले आणि पहिलं डालगं उचललं. पिल्लं चिवचिवत धावली, एकमेकांच्या अंगावर चढून दाणे टिपायला लागली. बायका हसल्या. मग तिनं दुसरं डालगं उचललं.

ती पिल्लं धावली नाहीत. दाणे दिसत होते त्यांना; माना पुढे निघाल्या होत्या. पण पाय मागेच. एक चवड्यांवर उभं राहायला बघायचं आणि तोंडावर पडायचं. एक बसूनच पंखांनी स्वतःला पुढे ढकलत होतं. हजार वर्षं आमच्या घरात, आमच्या हातानं, आमच्या डोळ्यांदेखत जे होत होतं आणि कुणाला दिसलं नव्हतं, ते त्या मूठभर पिल्लांनी जमिनीवर मांडून दाखवलं. मी पुढे मास्तरीण झाले, पुष्कळ पुस्तकं वाचली, पण त्या खोलीत वाटलं तसं मला पुन्हा कुठंच वाटलं नाही. हात आपोआप जोडले गेले होते माझे.

माय मटकन खाली बसली. "नाम्या असाच चालते," ती म्हणाली. आणि मग, "म्हंजे मीच."

सुधाबाई तिच्याजवळ धुळीत बसली. नाही नाही, असं खोटं काही बोलली नाही. म्हणाली, "कौसाबाई, इतके महिने मी ठसे मोजत होते आणि मला कळत नव्हतं. तुमच्या चुलीपाशी बसायला मिळालं म्हणून कळलं. आता तो आणखी वाईट होणार नाही."

"बरा होईन?"

"गेलं ते येणार नाही. पण इथंच थांबेल."

घरी आल्यावर माय दादासमोर उभी राहिली आणि तिला शब्द फुटेना. तिला, बरं का! दादाला सगळं आधीच कळलं होतं. तो म्हणाला, "माय वो, पानी लय चवदार होतं पन." आणि माय त्याच्या गळ्यात पडून जी रडली! मी दाराआड उभी राहून रडले. बाबा जाळं घेऊन तलावाकडे निघून गेले. त्या पावसाळ्यात आम्ही सगळे दादाच्या पायांकडे चोरून बघत होतो. पाऊस सरला, धान कापलं, पुन्हा बांध्यांत निळी फुलं आली, आणि तो एकाच काठीवर होता. म्हातारा होऊन गेला तोवर एकाच काठीवर होता. डोंग्यात बसून जाळं फेकायचा. लग्न झालं, पोरं झाली, आणि सगळी पोरं घोड्यासारखी धावायची.

पण मला सांगायचंय ते त्या पावसाळ्यानंतरच्या हिवाळ्याचं. सुधाबाईला वैनगंगेपलीकडच्या गावांत जायचं होतं, आणि तिला माहीत होतं की तिचं बोलणं ऐकून बायका माना डोलावतील आणि घरी जाऊन पाणी जपून ठेवतील. तिनं मायला काही विचारलं नाही. मायच आपणहून म्हणाली, "मी येते. तुमचं नाई आयकनार थ्या. माहं आयकन." भर गावात, परक्या लोकांत, आपल्या हातानं पोराला काय पाजलं ते सांगायचं म्हणजे काय असतं, ते बाबांना समजत होतं. शेवटी त्यांनीच डोंगा काढला. वैनगंगा ओलांडून आम्ही गेलो, माय, सुधाबाई, मी आणि दादा.

पहिल्या गावात देवळाच्या पारावर बायका जमल्या होत्या. सुधाबाई थोडं बोलली, माना डोलल्या. मग माय उभी राहिली. तिनं पदर डोक्यावर ओढला, दादाला म्हणाली, "चालून दाखव," आणि दादा, ज्याच्याकडे पोरी बघत राहायच्या तो माझा दादा, काठी टेकत, चवड्यांवर, गुडघे घासत त्या सगळ्यांसमोरून चालत गेला आणि परत आला. "हा माहा पोरगा," माय म्हणाली. "याले मीनं असं केलं. तुमच्यावानीच डाळीचं पानी ताकदीसाठी पाजलं. बाई फेकाले सांगे, मी फेकलं नाई." नागपूरच्या त्या घरानं दिलं होतं, आमच्या ढिवरांनी मातामायचं दिलं होतं. पण त्या दिवशी मायनं जे दिलं, त्याच्या जवळपास जाईल असं देणं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही.

माझ्या शेजारी एक तरणी बाई बसली होती, कडेवर पोर. ती ऐकता ऐकता ताठ झाली. एकाएकी उठली, पोर माझ्या मांडीवर टाकलं, "चुलीवर हाये माह्या" एवढंच बोलली आणि लुगडं वर खोचून गल्लीतून पळत सुटली. पोर रडायला लागलं. मी त्याला उगी करत बसले. माय बोलायची थांबली होती. सगळ्यांचे डोळे त्या गल्लीकडे. थोड्या वेळानं ती धापा टाकत आली. हात ओले होते, पदरावर पिवळं पाणी सांडलेलं होतं. तिनं पोर घेतलं, मागे आपल्या जागेवर न जाता सरळ पुढे गेली आणि मायच्या पायांशी बसली.

"आता सांग बाई, पयलेपासून," ती म्हणाली.

आणि मायनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.